गंज धरण्याच्या जागा

गोव्यातल्या खाणींमधून निघालेलं तांबडं लोहखनिज बार्जमध्ये भरून मांडवी आणि झुआरीच्या पात्रातून मुरगाव बंदराकडे नेतात. बार्जच्या पोटातला माल आणि तिच्या पोलादी कडांवर चढलेला गंज हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनं जवळपास एकच पदार्थ. लोहखनिज म्हणजे लोह आणि प्राणवायूचं संयुग. गंजही तेच, फक्त त्यात पाण्याचा अंश अधिक. खनिजातला प्राणवायू काढून घ्यायला झोतभट्टीत कोक जाळून तापमान १५०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. इतकी ऊर्जा ओतून मिळवलेलं लोखंड मूळच्या रूपात परतायला कायम तयार असतं, आणि त्या परतीला भट्टी लागत नाही. ओलावा आणि हवा पुरते.

सोन्याला ही ओढ नाही, म्हणून ते नदीच्या वाळूतही सोनं म्हणूनच सापडतं. बाकी आपल्या वापरातले बहुतेक धातू या ना त्या वाटेनं परत निघालेले असतात. लोखंड गंजतं, तांबं काळवंडून पुढे हिरवं पडतं, चांदी काळी पडते, ॲल्युमिनियमची चकाकी जाते. या परतीची किंमत मोठी आहे. गंजरोधन क्षेत्रातल्या नेस इंटरनॅशनल या संस्थेनं २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगाचं गंजामुळे होणारं वार्षिक नुकसान अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के, धरलं होतं. आज माहीत असलेले उपाय नीट वापरले तर यातलं १५ ते ३५ टक्के वाचेल, असंही त्यात म्हटलं आहे. नवा शोध लागायची वाट न पाहता वाचणारी ही रक्कम आहे, म्हणून हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

गंजाचा विषय निघाला की चर्चा धातूवर जाते. कुठलं स्टील घ्यावं, कुठल्या कंपनीचा रंग लावावा. माझ्या मते पहिला प्रश्न जागेचा आहे. तोच धातू एका ठिकाणी शंभर वर्षं टिकतो आणि हातभर अंतरावर पाच वर्षांत पोखरला जातो. असं का होतं ते कळलं की उपायांपैकी निम्मे आपोआप सुचतात.

शाळेत तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवण्याचा प्रयोग असतो. एका नळीत कोरडी हवा, दुसरीत उकळून हवा काढलेलं आणि वर तेलाचा थर दिलेलं पाणी, तिसरीत साधं पाणी. खिळा गंजतो तो तिसऱ्या नळीत. पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, एवढं त्यातून कळतं. पुढची गोष्ट शाळेत बहुधा राहून जाते. गंजणं ही विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन मागे टाकून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन धातूमधूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथं पाण्यातल्या प्राणवायूला मिळतात. पहिली जागा झिजते, दुसरी सुरक्षित राहते. दोन्ही जागांना जोडणारं पाणी जितकं चांगलं वीजवाहक, तितका हा व्यवहार वेगानं चालतो. म्हणून मिठाचं पाणी इतकं घातक. त्यातले क्लोराइड आयन धातूवरचा संरक्षक थरही फोडतात. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरायला लागतो. मीठ साचलेलं असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही तो धरतो. कोकणात पाऊस थांबल्यावरही लोखंड सुकत नाही, त्याचं कारण हे.

केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकात एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग केला. पॉलिश केलेल्या लोखंडी पत्र्यावर खारट पाण्याचा एक थेंब ठेवला आणि त्यात रंग बदलणारी दर्शक रसायनं घातली. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, मधोमध कमी पोहोचते. कुणालाही वाटेल, हवा जास्त तिथं गंज जास्त. रंग पसरले ते उलटे. झीज मधोमध होत होती, जिथं प्राणवायू कमी होता. कड मधल्या भागाकडून इलेक्ट्रॉन घेत होती आणि स्वतः शाबूत राहत होती. तांबडा गंज दिसतो तो दोघांच्या मधल्या पट्ट्यात कडं करून, म्हणजे झीज होते एकीकडे आणि गंज दिसतो भलतीकडे.

या एका थेंबात अर्धा विषय आला. बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरच्या मागे, एकावर एक आलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत, रंगाच्या फुगलेल्या फोडाखाली, कौलांच्या कडेच्या पन्हळीत साचलेल्या पाल्याखाली लोखंड आधी का खाल्लं जातं, ते इथं कळतं. या सगळ्या जागांत पाणी असतं पण हवा कमी असते. उघडा, वाऱ्यावर सुकणारा भाग त्या झाकलेल्या भागाला झिजवत असतो. मोटारीचा दरवाजा खालच्या कडेला आतून गंजतो, लोखंडी खिडकीचा गज जिथं लाकडी चौकटीत शिरतो तिथं बारीक होतो, गेटचा खांब जमिनीलगत तुटतो. माणूस रंग लावतो तो डोळ्यांसमोरच्या भागावर.

हाच व्यवहार दोन वेगवेगळ्या धातूंमध्ये झाला तर आणखी तीव्र होतो. ब्रिटिश नौदलानं १७६१ साली एचएमएस अलार्म या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आणि शेवाळ यांना अडवायचा तो प्रयत्न होता. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा तांबं चांगलं होतं, पण ज्या लोखंडी खिळ्यांना तांब्याचा स्पर्श झाला होता ते सडून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत सापडले. पत्र्यांना गुंडाळलेला खाकी कागद त्या ठिकाणी काढायचा राहून गेला होता. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये एक कागद आला आणि वीज अडली.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यातही तांब्याची त्वचा आणि लोखंडी सांगाडा आहे. १८८६ साली तो उभारताना हा धोका माहीत होता, म्हणून दोन धातूंमध्ये शेलॅकमध्ये भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. कालांतरानं ते जीर्ण झालं, ओलं राहू लागलं, आणि लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, इतक्या की त्यांना धरून ठेवणारे रिव्हेट उपटून निघाले. १९८६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. आपल्याकडे मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याआधी काही दिवस सार्वजनिक बांधकाम विभागानं नट-बोल्ट गंजल्याचं लेखी कळवलं होतं. नंतरच्या चौकशीत गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांचाही उल्लेख आला, त्यामुळे सगळा दोष गंजावर टाकणं बरोबर नाही. पण अरबी समुद्राच्या लाटा जिथं थेट येऊन आदळतात तिथं एका पावसाळ्यात सांधा किती बदलतो, हे त्यानं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. त्या जागी नंतर उभारलेल्या पुतळ्याला स्टेनलेस स्टीलचा सांगाडा दिला आहे.

दोन धातूंच्या या भांडणाचा उपयोगही करून घेता येतो. एक धातू मुद्दाम झिजवायचा आणि दुसरा वाचवायचा. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली दाखवलं की जहाजाच्या तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला तर तांबं विरघळायचं थांबतं. प्रयोग यशस्वी झाला आणि त्याच यशामुळे सोडून द्यावा लागला, कारण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषानंच शेवाळ आणि शिंपले दूर राहत होते. तांबं वाचलं आणि तळ शिंपल्यांनी भरला. मला ही विज्ञानाच्या इतिहासातली फार शिकवणारी घटना वाटते. तत्त्व मात्र टिकलं. आज पोलादी जहाजांना, ट्रॉलरांना, जमिनीखालच्या तेलवाहिन्यांना आणि गीझरच्या टाकीलासुद्धा जस्त, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचे असे झिजणारे तुकडे लावतात. गीझरमधला तो दांडा दर काही वर्षांनी बदलायचा असतो, हे किती घरांत माहीत आहे?

जस्ताचा पत्रा याच तत्त्वावर चालतो. फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ साली लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. हा मुलामा फक्त झाकण नसतो. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. कथिलाचं उलट आहे. कथिल लावलेला डबा अखंड आहे तोवर उत्तम, पण एक खरड पडली की कथिलाच्या नादानं लोखंडच वेगानं गंजतं. म्हणून पत्रा घेताना जाडीबरोबर त्यावर दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे ते विचारावं. बाजारात १२० ग्रॅमचा पत्रा मिळतो आणि २७५ ग्रॅमचाही. दिसायला दोन्ही सारखेच चमकतात, समुद्रकाठी टिकण्यात मोठा फरक पडतो.

काही धातू स्वतःचं पांघरूण स्वतः विणतात. ॲल्युमिनियम हवेत येताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बनतो आणि पुढची क्रिया थांबते. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो, खालचा धातू पुन्हा उघडा पाडतो. खरा फरक तेवढाच. पारा ॲल्युमिनियमचा तो थर मोडतो, म्हणून विमानात पारा नेण्यावर कडक बंधनं आहेत. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की क्रोमियमच्या ऑक्साइडचा तसाच पातळ थर मिळतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली केलेल्या मिश्रणापासून स्टेनलेस स्टीलचा आपल्या ओळखीचा प्रवास सुरू झाला. पण स्टेनलेस म्हणजे कधीच न डागाळणारं, ही समजूत समुद्राकाठी टिकत नाही. रत्नागिरीत किंवा वर्सोव्यात गॅलरीच्या रेलिंगवर चहाच्या रंगाचे डाग येतात. भांड्यांना आणि सिंकला चालणारं ३०४ जातीचं स्टील खाऱ्या हवेत कमी पडतं. तिथं मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं. स्वस्त रेलिंगमध्ये तर निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०० मालिकेचं स्टील सर्रास खपवतात. आणि कुठलंही स्टील घेतलं तरी गोड्या पाण्यानं धुणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पावसानं धुतली जाणारी बाजू स्वच्छ राहते, छज्ज्याखालची डागाळते, हे निरखून पाहावं.

दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ इथं आठवणारच. सुमारे सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांवर वजनाचा. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्याचं रहस्य फॉस्फरसमध्ये आहे. आजच्या पोलादात फॉस्फरस ०.०५ टक्क्यांच्या खाली ठेवतात, त्या लोखंडात तो ०.२५ टक्क्यांच्या आसपास आहे. ओलं होणं आणि सुकणं वारंवार घडत गेलं आणि लोखंडाच्या फॉस्फेटचा घट्ट थर त्यावर बसला. दिल्लीची कोरडी हवा हेच कारण, असं म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातल्या कोल्लूरजवळ कोडचाद्रीचा लोहस्तंभ पाहावा. पश्चिम घाटाच्या ऐन पावसात तो उभा आहे. तरीही या स्तंभांकडे जपून पाहिलं पाहिजे. ते उघडे आहेत, त्यांवर पाणी साचत नाही, पाऊस त्यांना धुतो आणि वारा सुकवतो. जागेचा मुद्दा तिथंही सुटत नाही.

तांब्यापितळेची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तांब्यावर आधी तांबूस आणि मग काळपट ऑक्साइड येतं. उघड्यावर वर्षानुवर्षं राहिलेल्या तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि तो हवेवर अवलंबून असतो. शहरी हवेत मुख्यतः तांब्याचं सल्फेट, समुद्राकाठी क्लोराइड. हा हिरवा थर बहुधा संरक्षकच असतो. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आजही वाजतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांतली एक. अशा घंटेवर उगाच घासणी फिरवू नये. जुन्या वस्तूवरचा गुळगुळीत, घट्ट थर तिचं आयुष्य वाढवतो. मात्र फिकट हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी सुटत असेल तर ते क्लोराइडचं दुखणं असतं आणि ते ओलाव्यात वाढत जातं. उत्खननात सापडलेल्या ताम्रवस्तूंना संग्रहालयं कोरड्या पेटीत ठेवतात ती यासाठी.

घरातली भांडी चिंचेनं, आमसुलानं किंवा लिंबानं का उजळतात? आम्ल ऑक्साइड विरघळवतं, एवढंच. पितांबरीसारख्या पावडरींतही आम्लाचं काम आहे. पण तेच आम्ल उघड्या तांब्यातही हळूहळू शिरतं. ताक, सोलकढी, आमटी पितळेत कळकते ती त्यामुळे, आणि त्यावर कल्हई हा शोध फार मोलाचा होता. भांडं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग निर्मळ करायचा आणि २३२ अंशांना वितळणारं कथिल कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. नवसागराचा पांढरा धूर उठतो आणि क्षणात आतली बाजू रुपेरी होते. भाता घेऊन दारोदार फिरणारे कल्हईवाले आता क्वचित दिसतात. स्टीलनं त्यांचा धंदा नेला. हल्ली तांब्याची आणि पितळेची भांडी हौसेनं परत येत आहेत, पण कल्हईची सोय मागे पडली आहे, आणि ही काळजीची बाब आहे. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ ठेवणं हा हौसेचा भाग होऊ नये. तांब्यात साधं पाणी ठीक, लिंबूपाणी नाही.

चांदीला प्राणवायूचं फारसं भय नसतं. तिला गंधक काळं करतं. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडपासून चांदीचं सल्फाइड बनतं, आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळं. अंडी, कांदा, लोकर, रबर यांत गंधक असतं. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी रबर बँड लावून ठेवली तर बँडच्या खुणा उमटतात. खाडीच्या गाळातून आणि उघड्या नाल्यांतून हा वायू निघतो, म्हणून मुंबईत खाडीलगतच्या घरांत चांदी लवकर काळवंडते आणि एसीच्या तांब्याच्या नळ्याही लवकर निकामी होतात. रांगोळीनं किंवा टूथपेस्टनं घासलं की काळेपणाबरोबर चांदीही जाते, आणि हुपरीच्या कारागिरानं कोरलेली नक्षी दरवर्षी थोडी बोथट होते. त्यापेक्षा भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर चांदी टेकवावी, खायचा सोडा घालून गरम पाणी ओतावं. इथंही डेव्हींचं तत्त्व काम करतं. ॲल्युमिनियम झिजतं, गंधक चांदीला सोडतं आणि सल्फाइडमधली चांदी जागच्या जागी परत धातू होते. मोती किंवा खडे बसवलेल्या, मुद्दाम काळी छटा दिलेल्या दागिन्यांना मात्र हा उपाय करू नये. नंतर वस्तू पूर्ण कोरडी करून बंद पिशवीत, खडूच्या तुकड्यासह ठेवावी. तो ओलावा ओढतो.

रंगाबद्दल थोडक्यात. आगोटीच्या आधी ग्रील, गेट, पत्र्याच्या शेडचे अँगल रंगवायची पद्धत चांगली आहे, पण रंगाऱ्याचा वेळ ज्यात गेला पाहिजे तेच काम उरकलं जातं. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं सुटा गंज काढणं, गोड्या पाण्यानं मीठ धुणं, पूर्ण सुकवणं, आणि मगच रेड ऑक्साइड. मिठावर चढवलेला रंग स्वतःच पाणी ओढून फुगतो. कडा आणि कोपऱ्यांवर रंग पातळ बसतो, म्हणून तिथं आधी ब्रशनं एक वेगळा हात द्यावा. कोयता, विळी, नांगराचा फाळ यांना तेलाचा हात पुरतो. बिडाचा तवा तर तेल जळून चढलेल्या थरावरच जगतो, त्याला साबणानं खरवडून काढू नये.

सगळ्यात गंभीर गंज मात्र दिसत नाही. तो काँक्रीटच्या आत असतो. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२ ते १३. अशा वातावरणात सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, सामू ९ च्या खाली येतो आणि तो थर जातो. समुद्राजवळ क्लोराइड त्याआधीच पोहोचतं. बांधकामात खाडीची वाळू किंवा मचूळ पाणी वापरलं असेल तर ते पहिल्या दिवसापासून आत असतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते, त्या दाबानं काँक्रीट फुटतं, भेगेतून आणखी पाणी शिरतं. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल बांधून दोन दशकंही झाली नव्हती तेव्हा, ५ जुलै १९८६ रोजी, कोसळला. काँक्रीट दाबून धरणाऱ्या, ताणलेल्या पोलादी केबल आतून गंजल्या होत्या. १९७३ च्या ठाणे खाडी पुलाला आणि १९८३ च्या झुआरी पुलालाही केबलच्याच गंजानं ग्रासलं. अवजड वाहतूक रोखावी लागली, बाहेरून आधार द्यावे लागले, पुढे शेजारी नवे पूल आले. ताणलेली बारीक तार थोडी झिजली तरी तुटते, आणि नळीत बंद असल्यामुळे तुटेपर्यंत कळत नाही. सळईला इपॉक्सीचा मुलामा देणं हा मोठा उपाय मानला गेला होता. अमेरिकेत फ्लोरिडा कीजमधल्या पुलांवर १९८० च्या दशकात दिसलं की मुलाम्याला पडलेल्या ओरखड्यांतून शिरलेला गंज अवघ्या काही वर्षांत आतल्या आत पसरला होता.

किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतींत याची सुरुवात छताला दिसणाऱ्या तपकिरी ओघळानं होते. घरमालक बहुधा प्लास्टर आणि डिस्टेंपर मारून मोकळा होतो. खरं तर आधी हातोडीनं ठोकून पाहावं, पोकळ आवाज येतो तिथवर काँक्रीट सुटलेलं असतं. तुटलेल्या ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, मेलेलं रंगहीन राहतं. सळईच्या मागेपर्यंत सुटा भाग काढून, सळई चकचकीत करून, मगच पॉलिमर मॉर्टर भरावं. इतकं केलं तरी एक अडचण उरते. भरलेला नवा भाग सुरक्षित होतो आणि शेजारचा जुना, क्लोराइडनं माखलेला भाग त्याच्यासाठी झिजू लागतो, त्यामुळे डागडुजीच्या कडेनंच काही वर्षांत नवी भेग येते. आता त्यासाठी भरावाच्या आत सळईला जस्ताचा एक छोटा गोळा तारेनं बांधतात. शेजारच्या सळईऐवजी तो गोळा झिजतो. तो संपला की पुन्हा बांधावा लागतो, म्हणून सोसायटीच्या दुरुस्तीच्या करारात तो कुठं बांधला आणि कधी तपासायचा, याचा नकाशा मागून घ्यावा.